यझ्दचे बादगीर आणि जाड मातीच्या भिंती: आकड्यांत नेमकं काय हाती लागतं?

तिसरा_खण

इराणमधल्या यझ्द शहराच्या जुन्या घरांबद्दल आणि त्यांवरच्या बादगिरांबद्दल, म्हणजे वारा पकडणाऱ्या मनोऱ्यांबद्दल, मराठीत जे वाचायला मिळतं ते 'बादगीर म्हणजे बिनविजेचा एसी' इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. मला त्याच्या पुढचं हवं आहे.

निमित्त सोलापूर जिल्ह्यातल्या एका बैठ्या घराच्या आराखड्याचं. मोठ्या खोल्या दोन, प्रत्येकी ५ बाय ४ मीटर, उंची साडेतीन मीटर. घरमालकांनी यझ्दच्या मनोऱ्यांचे फोटो पाहिलेत आणि 'असला एक आपल्याकडे पाहिजेच' असं ठरवून टाकलंय. मनोरा बांधायला हरकत नाही, पण तो नुसता फोटोपुरता उभा राहू नये. म्हणून विचारतो:

बादगीर प्रत्यक्षात किती हवा फिरवतो, आणि वारा पडला की काय होतं? भिंतीची जाडी कुठे थांबवायची, दीड फुटावर की तीन फुटांवर? पाण्याची जोड दिली तर तापमान किती उतरतं? आणि मातीचं बांधकाम नेमकं कुठे दगा देतं?

'पूर्वजांचं शहाणपण' वगैरे आपण सगळे मानतोच, ते वगळून लिहिलंत तर उपकार होतील.

---

वाऱ्याचीवाट

बादगिराआधी त्याच्या खालचं घर बघा, नाहीतर मनोरा कळत नाही.

यझ्दचं जुनं घर अंगणाभोवती बसतं. अंगणाच्या दक्षिण बाजूच्या दालनांचं तोंड उत्तरेला असतं, त्यांत ऊन शिरत नाही, ती उन्हाळ्याची. उत्तर बाजूच्या खोल्या दक्षिणेकडे बघतात, हिवाळ्यातलं तिरपं ऊन आतपर्यंत घेतात, ती थंडीची. घर एकच, पण माणसं ऋतूप्रमाणे त्यात इकडून तिकडे बिऱ्हाड हलवतात. उन्हाळ्यात दुपार तळघरात, संध्याकाळ पाणी मारलेल्या अंगणात आणि रात्र गच्चीवर. बादगीर उभा असतो तो उन्हाळी बाजूच्या दालनावर, बऱ्याचदा हौजखान्यावर. (आपला हौद आणि त्यांचा हौज एकच.)

आता मनोरा. यझ्दमध्ये बहुतेक बादगीर चार तोंडांचे, काही आठ तोंडांचे. दौलताबाद बागेतला आठ कोनी बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे, पण तो अपवाद. जवळच्या मेबोद भागात मात्र एकतोंडी बादगीर दिसतात: चांगला वारा एकाच दिशेचा, बाकी दिशांनी धूळ, म्हणून तीन बाजू बंद. पहिला धडा इथेच आहे. तोंडं किती ठेवायची हे वारा ठरवतो, फोटो नाही.

मनोऱ्याच्या आत कच्च्या विटांचे उभे पडदे असतात, अधिक चिन्हासारखे किंवा तिरप्या फुलीसारखे. वरच्या झरोक्यांपासून ते खाली खोलीच्या जमिनीवर दीड-दोन मीटरपर्यंत उतरतात. त्यामुळे एकाच मनोऱ्यात चार वेगळी धुराडी तयार होतात. वाऱ्याकडच्या धुराड्यातून हवा उतरते, उलट बाजूच्या धुराड्यातून खेचली जाऊन वर जाते. मनोऱ्याच्या अंगातून बाहेर आलेली लाकडं शोभेची नाहीत. ती आतून मनोऱ्याला बांधून ठेवतात आणि डागडुजीच्या वेळी परांचीचं काम करतात.

चुकतं ते इथे: खोलीची अंगणाकडची दारं बंद असतील तर उतरलेली हवा पडद्याला वळसा घालून शेजारच्या धुराड्यातून परत वर जाते. खोलीला तिचा पत्ताही लागत नाही. मनोरा चालतोय आणि माणसं उकडतायत, असा प्रकार.

वारा पडल्यावर मनोरा चिमणी होतो. दिवसभर तापलेल्या त्याच्या भिंती रात्री आतली हवा गरम करतात, ती वर निघते आणि अंगणातली गार हवा खोलीतून ओढली जाते. हिशोब: उंचीचा फरक ८ मीटर, तापमानाचा फरक ५ अंश, मोकळं तोंड अर्धा चौरस मीटर धरलं तर ताशी सुमारे १७०० घनमीटर हवा. तुमच्या ७० घनमीटरच्या खोलीत तासाला २४ वेळा हवाबदल. हे कागदावर. आतले पडदे, वळणं, धूळ धरून निम्मं समजा.

आणि डास. यझ्दला वर्षाला ६० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तुमच्याकडे त्याच्या दहापटीहून जास्त. जाळीशिवाय तुमचं भागणार नाही, म्हणजे आणखी निम्मं गेलं.

---

ताशी_दहा

वरचं सगळं बरोबर, पण माझ्या मते बादगीर हा या घराचा तिसऱ्या क्रमांकाचा भाग आहे. पहिला क्रमांक भिंत आणि छपराच्या वजनाचा, दुसरा ते वजन रात्री गार करण्याचा. मनोरा त्या दुसऱ्या कामाचं फक्त एक साधन.

भिंतीचा ठोकताळा असा. बाहेरचं तापमान २४ तासांत वर-खाली होतं, त्याची लाट भिंतीत शिरता शिरता मंदावते आणि उशिरा पोचते. नेहमीचे गुणधर्म धरून येणारे आकडे:

नऊ इंची पक्क्या विटेची भिंत: ७ तास उशीर, बाहेरच्या चढउताराचा १५ टक्के भाग आत.
चौदा इंची विटेची भिंत: ११ तास, ६ टक्के.
दीड फुटी कच्च्या विटेची भिंत: १५ तास, २ टक्के.
१२ सेंटिमीटर काँक्रीट स्लॅब: ३ तास, ४० टक्क्यांच्या वर.

शेवटची ओळ परत वाचा. दुपारी तीनचं ऊन स्लॅब संध्याकाळी सहाला खाली सोडतो, नेमकं माणसं घरी येतात तेव्हा. भिंतीवर डोकं लढवणारे बहुतेक जण छप्पर विसरतात, आणि बैठ्या घरात सगळ्यात जास्त ऊन छपरावरच पडतं.

जाडी कुठे थांबवायची? दीड फुटाच्या पुढे उष्णतेसाठी फारसं काही मिळत नाही. २ टक्क्यांचा अर्धा टक्का झाला तर अंगाला कळणार नाही. मग यझ्दमध्ये तीन-तीन फुटी भिंती का? कारण तिथे लाकूड दुर्मीळ, म्हणून छपरं कमानीची आणि घुमटांची. कमान भिंतीला बाहेर ढकलते, तो रेटा पेलायला जाडी लागते. ती जाडी छपरासाठी आहे. स्लॅब घालणारा माणूस तीन फुटी भिंत बांधत असेल तर तो दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर बांधतोय.

आता गार करणं. खोलीच्या भिंतींचा ४० चौरस मीटर भाग मोकळा आहे आणि आतल्या बाजूचे १० सेंटिमीटर रोजच्या रोज कामाला येतात असं धरा. एवढी माती ४ अंशांनी उतरवायला साधारण ७ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता बाहेर काढावी लागते. रात्रीचे ८ तास आणि आतबाहेर ५ अंशांचा फरक मिळाला तर ताशी ५०० घनमीटर हवा लागेल, म्हणजे तासाला सात हवाबदल. पण खोलीतून जाणारी सगळी हवा भिंतीला घासून जात नाही, म्हणून दहा धरा. एक खिडकी किलकिली ठेवून तासाला दोन हवाबदलसुद्धा जेमतेम होतात. तेवढ्यावर जाड भिंत रात्रीत गार होत नाही, उष्णता साठत जाते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी घर भट्टी होतं. 'जाड भिंतीचं घर बांधलं तरी उकडतंच' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची: सकाळी साडेसात-आठला सगळं बंद. दारं, खिडक्या, बादगिराची खालची झापडंसुद्धा. यझ्दची घरं चालवावी लागतात. ते रोजचं वेळापत्रक जमणार नसेल तर मातीचा ट्रक मागवू नका.

---

तिसरा_खण

ताशी_दहा, छपराचा मुद्दा पटला. एक अडचण: सकाळी आठला खिडक्या बंद करा म्हटलं की मालक म्हणतात, 'मग वारा कुठून येणार?' मनोरा दिवसा चालला पाहिजे ही त्यांची अपेक्षा आहे. त्यात पाणी फवारलं तर दिवसा चालवता येईल ना?

---

ओलंफडकं

येईल, एप्रिल-मे पुरतं.

हवा पाण्यावरून गेली की वेट बल्ब तापमानाच्या (तापमापकाला ओलं फडकं गुंडाळल्यावर दिसणाऱ्या आकड्याच्या) खाली उतरू शकत नाही, आणि प्रत्यक्षात तिथवरही पोचत नाही. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब सुमारे २२. म्हणजे मधे २० अंशांची जागा. नीट बांधलेली व्यवस्था त्यातली दोन तृतीयांश वापरते, हवा २८-२९ला खोलीत येते. ४१ अंश आणि २० टक्क्यांना, म्हणजे तुमच्या कोरड्या मे महिन्याला, वेट बल्ब २३च्या पुढे. तेही उत्तम. पण ३३ अंश आणि ७५ टक्क्यांना वेट बल्ब २९. मुंबईत कूलर का चालत नाही ते या एका आकड्यात आलं. तुमच्याकडेही मृग बरसला की मनोऱ्यातलं पाणी बंद करायचं. नाहीतर घर गार होणार नाही, नुसतं दमट होईल.

पाणी किती? एक लिटर बाष्प झालं की सुमारे ०.६७ युनिट उष्णता शोषली जाते. एक टनाच्या एसीएवढं काम हवं असेल तर ताशी पाच लिटरच्या वर पाणी उडवावं लागतं. दिवसाचे आठ तास धरले तर चाळीस लिटर. टँकरवर गाव असेल तर मे महिन्यात ही चैन आहे, हे मालकांना आत्ताच सांगा.

पारंपरिक यझ्दमध्ये फवारा नव्हता. हवा हौदावरून, ओल्या माठांवरून किंवा कनात नावाच्या भूमिगत पाटाच्या गार भुयारावरून नेत. आधुनिक फवाऱ्याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे अहमदाबादचं टॉरेंट संशोधन केंद्र, नव्वदच्या दशकातलं: उंच मनोऱ्यांच्या माथ्यावर बारीक तुषार सोडून थंड झालेली जड हवा आपल्या वजनानेच खाली उतरवली. तिथेही दमट महिन्यांत तुषार वापरत नाहीत, ऋतूप्रमाणे पद्धत बदलते. तुषाराची तोंडं फार बारीक असतात. बोअरचं क्षारयुक्त पाणी सोडलं तर ती एका हंगामात चोंदतात. गाळणी आणि मृदू पाणी लागतंच. ते नको असेल तर वाळ्याचा पडदा आणि वरून ठिबक. कमी कार्यक्षम, पण बंद पडला तर घरातला कुणीही दुरुस्त करेल.

तळघराबद्दल आताच सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. तीन-चार मीटर खाली जमिनीचं तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरीजवळ राहतं. यझ्द समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर, हिवाळा कडक, म्हणून सरासरी २०च्या आसपास; तिथलं तळघर खरोखर गार. जैसलमेरही वाळवंटच, पण सरासरी २६-२७. सोलापूरही त्याच घरात. ४१ अंशांच्या दुपारी २७ची खोली वाईट नाही, पण पावसाळ्यात तिथे भूजल, कोंदटपणा आणि बुरशी. खर्च बघता मी ते खोदणार नाही.

---

पांढरीमाती

चौथ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. मातीची भिंत उन्हाने मरत नाही, पायाकडून मरते. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, पृष्ठभागावर येऊन सुकतं आणि क्षार मागे ठेवतं. क्षारांचे स्फटिक फुगून मातीचे कण सुटे करतात आणि जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीवर भिंत आतल्या बाजूला खात जाते. लांबून पाहिलं तर भिंतीला कंबर आल्यासारखी दिसते. नेमकी ही जागा लोक सिमेंटने लिंपतात. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही, पाणी आणखी वर चढतं आणि दोन-तीन पावसाळ्यांनी प्लास्टरचा पोपडा मातीसकट सुटतो. मातीवर माती किंवा चुना, तिसरं काही नाही. खाली दगडी जोतं निदान दीड-दोन फूट, त्यावर ओलरोधक थर, आणि छपराची पागोळी भिंतीपासून दोन फूट लांब पडेल एवढं छप्पर बाहेर.

पाणी मुरण्याचं मोठं उदाहरण जैसलमेरचा किल्ला. शतकानुशतकं आत पाणी जपून वापरलं गेलं. नळ आले, सांडपाणी वाढलं, गटारं गळली आणि टेकडीच्या मऊ थरांत पाणी मुरून बुरूज-तटांना तडे गेले, काही भाग ढासळला. दगड तोच, वापर बदलला. तुमच्या घरात न्हाणीघर आणि स्वयंपाकघराच्या ओल्या भिंती पक्क्या विटेच्याच ठेवा.

यझ्दचा गिलावा म्हणजे काहगिल, काह म्हणजे भुसा, गिल म्हणजे माती. घनमीटर मातीला साधारण ४० ते ५० किलो भुसा, पाणी घालून निदान दोन-तीन दिवस भिजत ठेवायचा, रोज पायाने तुडवायचा. भुसा किंचित कुजला की मिश्रण चिकट होतं, वास येतो. तो आलाच पाहिजे. भिंतीवर दोन-तीन सेंटिमीटर थर. तडे रुंद पडले तर चिकणमाती जास्त झाली, हाताला भुकटी लागली तर कमी. यझ्दमध्ये हा गिलावा काही वर्षं टिकतो. सोलापूरच्या सातशे मिलिमीटर पावसात पश्चिमेच्या भिंतीवर तो एकाच पावसाळ्यात धुपेल, तिथे बाहेरून चुनाच.

मातीची परीक्षा: काळी माती विटांना अजिबात चालत नाही, फुगते आणि भेगाळते. ६० सेंटिमीटर लांब, ४ बाय ४ सेंटिमीटरच्या लाकडी साच्याला आतून तेल लावा, ओली माती दाबून भरा आणि आठवडाभर सावलीत वाळवा. पट्टी तीन सेंटिमीटरहून जास्त आखडली तर वाळू वाढवून परत करा.

आता भूकंप, ज्यावर असल्या चर्चांत कुणी बोलत नाही. २६ डिसेंबर २००३ला इराणमधलं बाम हादरलं, मातीचा प्रचंड किल्ला कोसळला, शहरात २६ हजारांहून जास्त माणसं गेली. आपल्याला ते लांबचं वाटायचं कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीत जे पडलं ते दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं. आरपार बांधदगड नसल्याने भिंतीचे दोन पापुद्रे वेगळे झाले. वर गळती थांबवायला वर्षानुवर्षं टाकलेली माती, तिचं वजन आत झोपलेल्यांवर आलं. गारवा देणारं वजन तेच, जीव घेणारंही तेच.

मातीच्या इमारती भूकंपात तगाव्यात यासाठी आयएस १३८२७ हे भारतीय मानक आहे. त्यातले नियम तुमच्या खोलीला लावून बघा. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीत: ४५ सेंटिमीटर भिंतीला ३.६ मीटर, तुम्ही बसता. दोन आडव्या भिंतींमधली लांबी जाडीच्या दहापटीत, म्हणजे साडेचार मीटर. पण आणखी एक अट आहे: जाडीच्या वर्गाची ६४ पट भागिले उंची. ती काढली तर ३.७ मीटरच येते. तुमची ५ मीटरची भिंत नापास, चारचीसुद्धा नापास. एक तर मधे टेकू-भिंत द्या, नाहीतर जाडी ६० सेंटिमीटर करा. मग साडेसहा आणि सहा येतात, त्यातला लहान आकडा सहा, आणि पाचची भिंत बसते. शिवाय खिडकी १.२ मीटरहून रुंद नको, बाहेरच्या कोपऱ्यापासून १.२ मीटरच्या आत नको, आणि छपराच्या पातळीला सलग पट्टा हवाच.

कमी वस्तुमानात हेच साधायचं असेल तर कच्छच्या बन्नी भागातले भुंगे बघा. गोल भिंत, दारं-खिडक्या मोजक्या, वर गवताचं हलकं शंकूसारखं छप्पर. २००१च्या भूकंपात नीट बांधलेले बरेच भुंगे तगले. वजन भिंतीत, डोक्यावर नाही.

---

ताशी_दहा

पांढरीमाती यांच्या आकड्यांनंतर मी मातीचा आग्रह सोडतो. तिसरा_खण, चौदा इंची पक्की वीट घ्या: ११ तासांचा उशीर पुरेसा आहे आणि गवंडी सहज मिळतील. वाचलेले पैसे छपरावर: स्लॅबवर उष्णतारोधक थर, त्यावर चुन्याचा कोबा आणि दर उन्हाळ्याआधी पांढरी चुन्याची सफेदी.

मनोऱ्याऐवजी गच्चीवरची जिन्याची खोली वापरा, ती तशीही बांधणारच आहात. वरच्या बाजूला एकूण एक चौरस मीटरची झडपं, वाऱ्याच्या उलट दिशेला. खाली खोल्यांना तेवढीच जाळीची तोंडं. उंचीचा फरक साडेचार मीटर आणि तापमानाचा ४ अंश धरला तर जाळी वजा जाता ताशी हजार-बाराशे घनमीटर. दोन्ही खोल्या मिळून तासाला आठ हवाबदल. दहाला थोडं कमी पडतं, पहाटे फरक घटला की आणखी. तिथे एक एक्झॉस्ट पंखा बसवून ठेवा.

---

वाऱ्याचीवाट

जिन्याची खोली मान्य. पण झडपा खालून, जिन्यात उभं राहून दोरीने उघडता-मिटता आल्या पाहिजेत. गच्चीवर चढून मिटायच्या असल्या तर आठवड्याभरात कुणी मिटणार नाही, आणि दिवसा उघडी राहिलेली झडप सगळी रात्र वाया घालवते. आणि मालकांना मनोराच हवा असेल तर त्या खोलीला यझ्दसारखे उभे झरोके द्या. फोटो येईल.

---

तिसरा_खण

सगळ्यांचे आभार. ६४ पटीचं सूत्र माझ्या नजरेतून पूर्ण सुटलं होतं. आता चौदा इंची वीट, छपरावर रोधक थर आणि कोबा, जिन्याच्या खोलीला दोरीच्या झडपा, आणि पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा असा आराखडा करतो. झरोक्यांना पारव्यांसाठी कोणती जाळी लावायची तेवढं राहिलं.

---

वाऱ्याचीवाट

पाऊण इंची चौकोनाची जस्ताची, बाहेरून. डासांची बारीक जाळी खाली खोलीच्या तोंडाला लावा, वर नको. वर लावली तर धुळीने चोंदेल आणि धुवायला हात पोचणार नाही.